उशिरा गेलेली नोटीस आणि तिचं बिल : पुण्यातलं एक प्रकरण

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा, म्हणून नारळीभाताच्या जादा ऑर्डरी होत्या. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका सोसायटीत शेवटचे डबे देऊन परतताना, रात्री साडेनऊच्या सुमारास, डबे पुरवणाऱ्या एका बाईंची ॲक्टिव्हा रस्त्यात आडव्या खणलेल्या चरात गेली. केबलसाठी खणलेला चर, वर नुसती माती लोटलेली आणि ती पावसाने खचलेली. बॅरिकेड नाही, दिवा नाही, रेडियमची पट्टीसुद्धा नाही. डाव्या गुडघ्याखालचं हाड सांध्यापाशी फुटलं. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली आणि पाच महिने डबे बंद राहिले.

वकील म्हणून आधीच सांगते, हे कुणा एका पक्षकाराचं प्रकरण नाही. अशा दाव्यांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एकत्र करून बेतलेलं आहे. माणसं, प्रसंग आणि रकमा बेतलेल्या, कायदा मात्र आहे तसा. प्रश्न एकच आहे. नुकसानभरपाईची नोटीस द्यायला उशीर झाला, तर त्या उशिराचे पैसे कोण भरतं? लोकांना वाटतं, उशीर झाला म्हणजे दावा बुडाला. तसं नेहमी होत नाही. दावा पुष्कळदा तगतो. पण उशिराचं बिल येतं, ते जखमी माणसाच्याच नावाने येतं, आणि कोर्टाच्या खर्चाच्या तक्त्यात ते कुठेही दिसत नाही.

पहिले पाच महिने

पहिली गडबड अपघातानंतर तासाभरातच झाली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? नवरा म्हणाला, "गाडी घसरली." चराचं नाव काढलं तर पोलिस येतील, जबाब होतील, ऑपरेशन लांबेल आणि मेडिक्लेमवाले खोड काढतील, असं त्याला वाटलं. केसपेपरवर नोंद झाली : दुचाकीवरून स्वतः घसरून पडल्या. ही एक ओळ पुढे आम्हाला जितकी महाग पडली तितकं दुसरं काही पडलं नाही. सोसायटीच्या वॉचमनने हेल्मेट होतं का तेवढं मात्र आवर्जून विचारलं. पुण्यात पाय मोडला तरी पहिला प्रश्न हाच.

नवऱ्याने काहीच केलं नाही असं नाही. चौथ्या दिवशी महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, टोकन नंबर आला, आणि काही दिवसांनी तक्रार 'निकाली' झाल्याचा मेसेजही आला. निकाली म्हणजे चर बुजवला होता. ७ सप्टेंबरला गणपती बसायचे होते, त्याआधी शहरभर रस्त्यांची डागडुजी होते तशी इथेही झाली. चरावर डांबराचा पट्टा ओढला गेला आणि पुरावा डांबराखाली गेला. समोरच्या मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं असणार, पण तिथलं रेकॉर्डिंग काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं. ते मागायला कुणी गेलंच नाही.

मग दीर मध्ये पडले. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. ते म्हणाले, आधी पाय बरा होऊ दे, दिवाळी झाली की बघू. ऑक्टोबरात नवऱ्याने क्षेत्रीय कार्यालयात एक हाताने लिहिलेला अर्ज दिला : रस्ता खराब असल्याने माझ्या पत्नीस इजा झाली आहे, तरी योग्य ती मदत मिळावी ही विनंती. त्यावर आवकचा शिक्का घेतला. दिवाळी झाली. मग विधानसभेची निवडणूक आली. त्या दिवसांत कार्यालयात कुणी भेटेना, भेटलं तर म्हणे आचारसंहिता आहे. फिजिओथेरपी चालू होती, पैसे संपत आले होते.

याच काळात दवाखान्याच्या आवारात एक गृहस्थ भेटले. "आधी एक पैसा देऊ नका, मिळतील त्यातले पंचवीस टक्के." ऐकायला गोड वाटतं. पण वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असा बार कौन्सिलचा स्पष्ट नियम आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही टक्केवारीची फी बेकायदा असल्याचं बी. सुनीता प्रकरणात सांगितलं. हे गृहस्थ तर वकीलही नव्हते. त्यांनी केसपेपरच्या झेरॉक्स नेल्या आणि दीड महिना फोन उचलला नाही.

फेब्रुवारीचा हिशेब

३ फेब्रुवारी २०२५ ला ते दोघं ऑफिसात आले. बाई वॉकर बाजूला ठेवून बसल्या आणि पिशवीतून एक्स-रे, बिलं, अर्जाची पोच असं सगळं टेबलावर काढलं. मी आधी पोचवरची तारीख बघितली, मग अपघाताची, मग कॅलेंडर.

"मॅडम, तीन वर्षं असतात ना?" नवऱ्याने विचारलं.

तीन वर्षांची सर्वसाधारण मुदत लोकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. ठेकेदारापुरतं बोलायचं तर आम्हीही तीच धरली. पण रस्ता महापालिकेचा होता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ४८७ असं आहे की, कायद्याखालच्या कामात हयगय झाली म्हणून महापालिकेवर दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस मुख्य कार्यालयात पोचवायची, तीत दाव्याचं कारण पुरेशा तपशिलाने लिहायचं, वादीचं नाव, पत्ता आणि वकिलाचं नाव द्यायचं, आणि एक महिना थांबायचं. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला पाहिजे.

सहा महिने १८ फेब्रुवारीला संपत होते. नोटीस उद्या दिली तरी महिना मार्चमध्ये भरणार. म्हणजे कलमाच्या एका भागाप्रमाणे दावा मार्चआधी लावता येत नाही आणि दुसऱ्या भागाप्रमाणे फेब्रुवारीनंतर लावता येत नाही.

उशीर माफ करून घेऊ, असं लोक सहज म्हणतात. दाव्यांच्या मुदती ठरवणाऱ्या लिमिटेशन ॲक्टचं कलम ५, ज्याखाली उशीर माफ होतो, ते अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. दाव्याला उशीर झाला तर कारण कितीही रास्त असो, न्यायाधीशांना दयेचा अधिकार नाही. पाय प्लास्टरमध्ये होता हे माणूस म्हणून त्यांना पटेल, हुकूम मात्र देता येणार नाही.

वाट होती ती त्याच कायद्याच्या कलम १५(२) ची. कायद्यानेच नोटीस सक्तीची केली असेल, तर नोटिशीचा काळ मुदतीतून वगळायचा. आणि कलम २९(२) मुळे ही तरतूद वेगळ्या मुदती सांगणाऱ्या विशेष कायद्यांनाही लागते, त्या कायद्याने ती स्पष्टपणे नाकारली नसेल तर. म्हणजे १८ फेब्रुवारीच्या आत नोटीस पोचली की पुढे एक महिना मिळतो. वाट बरोबर आहे, पण ती भांडून घ्यावी लागते. हेच ऑक्टोबरात आले असते तर भांडणच नव्हतं.

इथे एक गल्लत नेहमी होते, तीही सांगून टाकते. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असती तर हा मामला मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला असता. तिथेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये सहा महिन्यांची मुदत आली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. मात्र त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, आव्हान प्रलंबित असेपर्यंत केवळ उशिराच्या कारणावर अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश झाला. आमच्या बाईंना त्याचा काही उपयोग नव्हता. चराला नंबरप्लेट नसते.

नोटीस

घाईत लिहिलेल्या नोटिशीत काय सुटतं ते बघण्यासारखं आहे, कारण कलम ४८७ मध्येच एक काटा आहे : नोटिशीत जे कारण लिहिलं नाही, त्याचा पुरावा दाव्यात देता येत नाही. आपण सहसा नोटिशीत ढोबळ लिहितो आणि तपशील दाव्यात भरतो. इथे ती सवय अंगलट येते.

आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने पहिला मसुदा नवऱ्याच्या ऑक्टोबरातल्या अर्जावरून केला होता. त्यात होतं : "रस्त्याच्या दुरवस्थेमुळे अपघात झाला." एवढ्यावर नोटीस गेली असती तर बॅरिकेड नव्हतं, दिवा नव्हता, खोदाईच्या परवानगीतल्या अटी पाळल्या नाहीत, ठेकेदारावर देखरेख नव्हती, यातलं काहीही पुढे मांडताना महापालिकेच्या वकिलांनी हरकत घेतली असती, आणि ती हरकत चुकीची म्हणता आली नसती. म्हणून बाईंना पुन्हा बोलावलं. चर नेमका कुठे होता? कोणत्या दुकानापासून किती पावलांवर? आडवा की उभा? रस्त्यावरचे दिवे चालू होते का? नवरा जागेवर जाऊन डांबराच्या पट्ट्याची लांबी मोजून आला. त्या पट्ट्याने का होईना, चर कुठे होता ते कळलं. ५ फेब्रुवारीला नोटीस मुख्य इमारतीत आवक विभागात दिली, शिक्का घेतला. ठेकेदाराला वेगळी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली.

ठेकेदार कोण हे तरी कुठे माहीत होतं? चर कुणाच्या परवानगीने खणला हे पथ विभागाच्या कागदांत असतं. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टँप आणि उत्तरासाठी तीस दिवस. एवढे दिवस हाताशी नव्हते. शेवटी समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कंपनीचं नाव मिळालं. त्याने चर खणणाऱ्या जेसीबीचा आणि कामगारांच्या जॅकेटांचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हाच टाकला होता, कारण त्याच चरात त्याआधी दोन जण पडले होते. फोटो उत्तम, पण मूळ फोन त्याने डिसेंबरात विकून टाकला होता. ग्रुपवरचा फोटो दाबून लहान झालेला, मूळ तारीख-वेळ पुसलेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, फाइलच्या हॅश मूल्यासकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणाऱ्या आकड्यासकट. मूळ फोन असता तर काम साधं होतं. ग्रुपमधून उतरवलेल्या फोटोचा माग लावून देण्याचे तज्ज्ञाने नऊ हजार घेतले.

शिवाजीनगरात

महिना ५ मार्चला भरला, दावा १० मार्चला शिवाजीनगरच्या कोर्टात दाखल केला. मागणी साडेआठ लाखांची : दवाखाना, बुडालेली कमाई, घरी ठेवावी लागलेली मदतनीस, पुढे प्लेट काढायचं ऑपरेशन, आणि वेदना.

कैफियत, म्हणजे समोरच्यांचं लेखी उत्तर, आली ती अपेक्षेप्रमाणे. महापालिकेचं म्हणणं होतं की दावा मुदतबाह्य आहे, नोटीस अपुरी आहे, आणि रस्ता खणला ठेकेदाराने, तेव्हा जबाबदारीही त्याची. ठेकेदाराचं म्हणणं होतं की चर वेळेत बुजवला होता, वादी स्वतः घसरून पडली, केसपेपर बघा. सोबत महापालिकेचा अर्ज आला, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ खाली : दावा कायद्याने बाधित आहे, तो इथेच नामंजूर करा.

या अर्जाने जवळजवळ नऊ महिने खाल्ले. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा समोरच्या वकिलांना वेळ हवा, एकदा बोर्डावर नंबरच लागला नाही. बाई सुरुवातीला प्रत्येक तारखेला यायच्या, रिक्षाने, नऱ्ह्याहून. पुढे मीच सांगितलं, येऊ नका. युक्तिवादात महापालिकेच्या वकिलांनी कलम ४८७ वाचून दाखवलं आणि म्हणाले, सहा महिने म्हणजे सहा महिने. आम्ही कलम १५(२) आणि २९(२) मांडलं. ऑक्टोबरातला क्षेत्रीय कार्यालयातला अर्ज हीच नोटीस धरावी असंही म्हणून पाहिलं. त्यावर न्यायाधीशांनी नुसतं विचारलं, "यात मागणी किती आणि वकील कोण?" तो मुद्दा तिथेच संपला, आणि खरं सांगायचं तर संपायलाच हवा होता. मदतीची विनंती म्हणजे दाव्याची नोटीस नव्हे. ती मुख्य कार्यालयातही दिलेली नव्हती.

डिसेंबरात अर्ज नामंजूर झाला : नोटिशीचा काळ वगळल्यास दावा सकृद्दर्शनी मुदतीत दिसतो, बाकीचं पुराव्यावेळी पाहता येईल. आदेशाची शेवटची ओळ होती, खर्चाबाबत आदेश नाही. म्हणजे अर्ज हरला महापालिकेचा, आणि तो लढवायला लागलेले आमच्या पक्षकाराचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तक्त्यात काय येतं, काय येत नाही

दिवाणी दाव्यात खर्च कुणी द्यायचा हे त्याच संहितेचं कलम ३५ ठरवतं. तत्त्व साधं आहे : हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा, आणि तसं करायचं नसेल तर न्यायाधीशांनी कारणं लिहावीत. ऑर्डर २०-अ मध्ये कोणकोणता खर्च धरता येतो याची यादीच आहे, आणि त्यात पहिलंच कलम आहे दाव्याआधी द्याव्या लागणाऱ्या सक्तीच्या नोटिशीच्या खर्चाचं. सक्तीची नसलेली पण दिलेली नोटीस, टायपिंग, अपिलासाठीच्या नकला, साक्षीदार आणण्याचा खर्च, हेही त्यात आहे. कागदावर व्यवस्था वाईट नाही.

प्रत्यक्षात हुकूमनाम्याच्या शेवटी जो तक्ता असतो त्यात स्टँप (म्हणजे कोर्ट फी), प्रोसेस फी (समन्स वगैरे बजावण्याची), साक्षीदारांचा भत्ता आणि नियमाप्रमाणे ठरणारी वकील फी एवढं येतं. नियमाप्रमाणेची फी आणि पक्षकाराने खरोखर दिलेली फी यात केवढं अंतर असतं ते कोर्टात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खोटा किंवा त्रासदायक बचाव केला म्हणून कलम ३५-अ खाली जी भरपाई मिळू शकते तिची कमाल मर्यादा आजही तीन हजार रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये संजीवकुमार जैन प्रकरणात ही मर्यादा आणि एकूणच खर्चाची पद्धत वास्तवाला धरून बदलायला हवी असं सुचवलं होतं. सर्वसाधारण दिवाणी दाव्यांत ती बदललेली नाही.

आता आमच्या प्रकरणाचा हिशेब. स्टँप सोडून बाईंचे सत्त्याऐंशी हजार गेले. त्यात नोटिशीचे चार हजार, दाव्याच्या कामाची फी पंचेचाळीस हजार, नकला, टायपिंग, प्रोसेस वगैरे पाच हजार. एवढं वेळेत आल्या असत्या तरी लागलंच असतं. उरलेले तेहतीस हजार उशिराचे आहेत. ऑर्डर ७ नियम ११ चा अर्ज लढवायला अठरा हजार. फोटोच्या तज्ज्ञाचे नऊ हजार. 'स्वतः घसरून पडल्या' ही ओळ निस्तरायला सहा हजार : मूळ डॉक्टरांना शोधणं, ते दुसऱ्या शहरात गेलेले, त्यांच्याकडून हकिगत नवऱ्याने सांगितली होती असं लेखी घेणं, आणि जखमेच्या स्वरूपाबद्दल दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचं मत.

हे तेहतीस हजार कोणत्याही तक्त्यात बसत नाहीत. दावा पूर्ण जिंकला असता तरी त्यातले थोडेफारच परत आले असते. म्हणून 'खर्चासह दावा मंजूर' या शब्दांवर पक्षकारांनी फार जीव टाकू नये, असं मी आधीच सांगते. काही वकील मित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते त्यामुळे पक्षकाराचा धीर खचतो. माझ्या मते हिशेब आधी कळलेला बरा.

बाहेर काही ठिकाणी हीच गोष्ट उलट्या बाजूने बांधली आहे. आयर्लंडमध्ये २००४ च्या सिव्हिल लायबिलिटी अँड कोर्ट्स ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे इजा झालेल्याने दाव्याचं पत्र समोरच्याला पाठवायचं असतं. आधी त्याला दोन महिने होते, २०१९ पासून एक महिना आहे. पत्र उशिरा गेलं आणि त्याला रास्त कारण नसलं, तर दावा मरत नाही, पण न्यायाधीशांनी त्यावरून योग्य ते अनुमान काढायचं असतं आणि न्यायाच्या दृष्टीने गरज असेल तर जिंकलेल्या वादीचा खर्च कापायचा किंवा नाकारायचा असतो. तिथे वकिलांचा खर्च हरणाऱ्याकडून खरोखर वसूल होतो, म्हणून तो कापण्याच्या भीतीला धार आहे. आपल्याकडे हे कलम जसंच्या तसं आणलं तर काय होईल? काहीच नाही, कारण कापायला मुळात हातात काही पडतच नाही. आपल्याकडे उशिराची शिक्षा एक तर संपूर्ण आहे, म्हणजे दावाच मुदतबाह्य, नाहीतर ती पक्षकाराच्या खिशातून गुपचूप जाते. मधली पायरी नाही. मला आयरिश पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, पण ती चालायची तर आधी खर्चाचे हुकूम खरे झाले पाहिजेत.

तडजोड

अर्ज नामंजूर झाल्यावर ठेकेदाराचे वकील बोलायला तयार झाले. लोकन्यायालयाच्या आधी दोन बैठका झाल्या. ठेकेदाराकडे कामाची विमा पॉलिसी होती, तिसऱ्या व्यक्तीला झालेली इजाही त्यात धरलेली. पण अशा पॉलिसीत घटना घडल्यावर लगेच, ठरलेल्या दिवसांत कळवायची अट असते. ठेकेदाराला पहिली नोटीस मिळाली फेब्रुवारीत. त्याने विमा कंपनीला कळवलं मार्चमध्ये. कंपनीने विचारलं, ऑगस्टची गोष्ट आत्ता कशी?

ठेकेदाराच्या वकिलांनी हेच पुढे केलं. "कंपनी हात वर करतेय. आमच्या माणसाला खिशातून द्यायचंय. खिशातून देणारा माणूस विमा कंपनीएवढं देत नाही." बोलणं उद्धट होतं पण खोटं नव्हतं. आम्ही पाच लाखांवर अडून होतो, ते दीड लाखावर. तीन लाख दहा हजारांवर मिटलं. तडजोड पुरसीस, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोर्टात द्यायचा तडजोडीचा कागद, दाखल झाली, महापालिकेविरुद्धचा दावा काढून घेतला, आणि तीत नेहमीची ओळ आली : ज्याचा खर्च त्याने सोसावा. लोकन्यायालयाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि स्टँप परत मिळतो. स्टँपचे पैसे परत आले तेवढा एक खर्च वाचला.

ठेकेदाराला सप्टेंबरात नोटीस गेली असती, तर विमा कंपनी टेबलावर बसली असती. तडजोडीचा आकडा किती वर गेला असता हे सांगता येत नाही, पण तेहतीस हजारांपेक्षा तो फरक नक्कीच मोठा होता.

महापालिकेविरुद्ध दावा चालू ठेवायला हवा होता का, यावर आमच्या ऑफिसात दोन मतं होती. सहकाऱ्याचं म्हणणं, मुदतीचा मुद्दा सकृद्दर्शनी आपल्या बाजूने आहे, चालवू या. माझं मत वेगळं होतं. नोटीस आम्ही नीट लिहिली होती, पण चर आता रस्त्यावर नव्हता, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग नव्हतं, आणि केसपेपर विरुद्ध होता. पुराव्यावेळी मुदतीचा मुद्दा पुन्हा उभा राहिला असता, मग अपील. बाईंना प्लेट काढायचं ऑपरेशन करायचं होतं आणि डबे पुन्हा सुरू करायला भांडवल हवं होतं. निर्णय त्यांनीच घेतला. म्हणाल्या, "मॅडम, मला वर्षं नकोत, पैसे हवेत."

एक गोष्ट त्यांना तडजोडीनंतर कळली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, उत्पन्नाची अट न लावता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारातच आहे. ऑक्टोबरात क्षेत्रीय कार्यालयाऐवजी तिथे गेल्या असत्या तर वकीलही मिळाला असता आणि नोटीसही वेळेत गेली असती. माझी फी बुडाली असती, हा भाग वेगळा.

आता असाच अपघात झाला तर आणखी एक दार आहे. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींसाठी इजेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि ती अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत द्यायला सांगितली. महापालिका क्षेत्रात त्यासाठीच्या समितीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. केबलसाठी खणलेल्या चराला 'खड्डा' म्हणायचं का, यावर कुणीतरी वाद घालणारच. म्हणून समितीकडे अर्ज केला तरी कलम ४८७ ची नोटीस थांबवू नये. दोन्ही कागद एकाच आठवड्यात द्यावेत, नोटीस मुख्य कार्यालयात आणि ठेकेदाराला द्यावी, पोचवर तारीख स्पष्ट उमटली आहे ना ते खिडकीवरच बघून घ्यावं, आणि कॅज्युअल्टीत हकिगत सांगणाऱ्या माणसाने चर होता असं सांगावं.